मामांची बैठी नोकरी

मामा बुडाले तेव्हा धक्क्यावरच्या एकाही माणसाने आरडाओरडा केला नाही. उलट दोघंतिघं खदखदून हसले. शेजारच्या बोटीवरचा चष्मेवाला तर दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "पळा रे, बेटावर पाणी चढणार आता!"

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मामा पाण्यात पडणं ही अधूनमधून घडणारी गोष्ट होती. मामा बुडणं ही मात्र घडूच न शकणारी गोष्ट होती. तेवढ्या घेराचा माणूस बुडत नाही. याआधी मामा जेव्हा जेव्हा पडले तेव्हा तेव्हा रिकाम्या पिंपासारखे टुण्णकन वर आले होते आणि वर आल्या आल्या "माझी चप्पल कुठे गेली बघा रे" असं म्हणाले होते. एकदा तर दोर शोधून आणेपर्यंत त्यांनी तरंगत तरंगत चष्मेवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या.

त्या संध्याकाळी मामांची टोपी वर आली. मग चार बुडबुडे आले. मग काहीच आलं नाही.

हसू ज्याच्या त्याच्या ओठांवर होतं तिथेच गोठलं. ताईच्या हातातला माईक चालूच राहिला होता, त्यातून सगळ्या धक्क्याला ऐकू गेलं, "अगं बाई, हा खाली गेला!"

हे आक्रीत कसं घडलं ते कळायला मामांची नोकरी कळायला हवी, आणि नोकरी कळायला आधी टोपीउडव्या पूल.

हे शहर बेटांवर वसलेलं. बांधणाऱ्यांना सलग जमीन काही मिळाली नाही, तेव्हा मिळेल त्या तुकड्यावर त्यांनी घरं उभी केली आणि तुकडे एकमेकांना पुलांनी टाचून टाकले. इथे शेजाऱ्याशी भांडायचं तर घसा खणखणीत लागतो, कारण शेजारी पाण्यापलीकडे राहतो. हे सगळं बघायला लांबलांबून माणसं येतात आणि बोटीत बसून फिरतात. ज्या भिंतीचा रंग उडाला म्हणून इथली माणसं घरमालकाच्या नावाने बोटं मोडतात, त्याच भिंतीचे ही मंडळी हौसेने फोटो काढतात.

अशाच एका लहानशा, काचेच्या छपराच्या बोटीवर ताई आणि दाजी होते. दाजी बोट चालवायचे, ताई माईकवरून शहर दाखवायची. बोलण्याची वाटणी त्या संसारात अशी झाली होती की सगळंच्या सगळं ताईच्या वाट्याला आलं होतं. एकदा एका प्रवाशाने हळूच विचारलं, "ड्रायव्हर मुके आहेत का हो?" ताई म्हणाली, "नाही हो. लग्न झालंय."

फेरीच्या वाटेवर टोपीउडव्या पूल लागायचा. शहरातला सगळ्यात बुटका पूल. ओहोटीला त्याखालून खुशाल ताठ मानेने जावं. भरतीला पाणी वर चढतं आणि पूल काही वर सरकत नाही. भरलेली बोट माणसांच्या भाराने पाण्यात बसते, ती सुटते. पंचाईत व्हायची ती शेवटच्या फेरीची. संध्याकाळची ही फेरी सगळ्यांच्या आवडीची, आणि तिचे प्रवासी दीपस्तंभाच्या बेटावर जेवायला उतरून जायचे. बोट रिकामी झाली की हलकी होऊन वर यायची, आणि तिचं मागचं उंच छप्पर थेट पुलाच्या कमानीला भिडायचं. ओहोटीची वाट बघावी तर अर्धी रात्र तिथेच जाणार. बाहेरून समुद्राने वळसा घ्यावा तर लाटा त्या काचेच्या खोक्याचा खुळखुळा करणार.

म्हणून मागच्या बाकावर मामा बसायचे. मामा बसले की बोटीची शेपटी खाली जायची आणि छप्पर कमानीखालून चार बोटं राखून सुटायचं. हीच ती नोकरी. दिवसा ते तिकिटांच्या खिडकीत बसायचे, पण ते काम कोणीही केलं असतं. संध्याकाळचं बसणं हे खरं बसणं.

मामा हे ताईचे धाकटे भाऊ. लहानपणी काडीसारखे होते म्हणून ताईने त्यांना 'बारक्या' नाव ठेवलं, आणि पुढे काडीचा ओंडका झाला तरी नाव काही बदललं नाही. ताईच्या मुलींचे मामा म्हणून सगळ्या धक्क्याचे मामा. मुली आपापल्या संसाराला लागून दुसऱ्या गावी गेल्या, मामा मात्र मामाच राहिले. लग्न केलं नाही. एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या माडीवर एकटे राहायचे. घरी परतल्यावर त्यांच्याशी बोलायला एक घड्याळ होतं, आणि तेही कधी कधी थांबायचं. दिवसभरात ते ज्याची वाट बघत ती म्हणजे शेवटची फेरी: पुढे दाजी, मध्ये ताई, मागे आपण, आणि समोरून येणारा टोपीउडव्या.

बाकावर ते असे बसत की बघणाऱ्याला वाटावं, आता तोफांची सलामी होणार. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, डोळे मिटलेले. पूल डोक्यावरून सरकून गेला की ते डोळे उघडून म्हणत, "झालं." जणू पूल त्यांनीच उचलून धरला होता.

आणि नोकरीला जपायचं म्हणून ते जेवत. दीपस्तंभाच्या बेटावर प्रवासी उतरत, तेवढ्या वेळात मामा धक्क्यासमोरच्या बेकरीत जाऊन लोण्याचे पाव खात. बेकरीवाली म्हणायची, "मामा, चौथा?" तर म्हणायचे, "मला कुठे हवाय? बोटीला हवाय." घरून ताई दोन डबे भरून आणायची, एक जेवणाचा आणि एक पुलाचा.

अशा माणसाला एक दिवस जिना चढताना मध्येच बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी परत बसावं लागलं. तेव्हा ते कोणालाही न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई अंगाने वाळक्या, बोलायला त्याहून कोरड्या. बराच वेळ छातीला नळी लावून त्या म्हणाल्या, "तुमचं हृदय दोन माणसांचं काम करतंय."

"वा," मामा म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

"वा काय? दमलंय ते. वजन उतरवा."

"ते कसं शक्य आहे? माझं कामच ते आहे."

"कसलं काम?"

"बसायचं."

बाईंना वाटलं, पेशंट थट्टा करतोय. त्यांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "हे बघा. आत्ता तुम्ही पायांनी चालत आलात. असंच खात राहिलात तर पुढच्या वेळी तुम्हाला उचलून आणावं लागेल. आणि मला सांगा, तुम्हाला उचलणार कोण?"

मामा बाहेर येऊन पाण्याच्या कडेला, दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले. पायाखाली पाणी होतं, समोर पाणी होतं आणि डोळ्यांतही थोडं आलं होतं. मरणाची भीती कोणाला नसते? पण त्याहून वेगळीच एक भीती त्यांच्या मानगुटीवर बसली. वजन उतरलं तर मागचा बाक गेला. ताईला सांगितलं तर ती काय करणार? तिचा जीव भावावर. ती शेवटची फेरी बंद तरी करेल, नाहीतर मामांच्या जागी इस्त्रीवाल्याला बसवेल. दीपस्तंभाच्या बेटावर दुकान असलेला हा इस्त्रीवाला चांगला गोल गरगरीत होता आणि बोटीतून घरी जायला मिळेल म्हणून बरेच दिवस त्या बाकावर डोळा ठेवून होता. "मामा, कधी आजारीबिजारी पडलात तर मी आहे हं," असं तो ज्या प्रेमाने म्हणायचा, त्या प्रेमाने मामांच्या अंगावर काटा यायचा.

म्हणजे बारीक झालो तर बाक जाणार, आणि जाड राहिलो तर आपणच जाणार.

मामांनी मग असा तोडगा काढला की तो दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलाच नसता, आणि येऊ नये. त्यांनी वजन उतरवायचं ठरवलं, पण कमी होऊ द्यायचं नाही असंही ठरवलं.

खालच्या बंद दुकानात धान्याची पोती तोलायचा मोठा काटा धूळ खात पडला होता आणि त्याच्याशेजारी लोखंडी वजनं. घरमालकीणबाईंना विचारून मामांनी हे सगळं वर नेलं. "व्यायामाला," असं त्यांनी सांगितलं, आणि बाई जिना उतरेपर्यंत हसत होत्या. आपल्या लांब कोटाला मामांनी आतून कापडी खिसे शिवले, जाड दोऱ्याने, तिहेरी टाक्याने. बटणंही तशीच घट्ट लावली. ताईचा जेवणाचा डबा ते अर्धा खात. पुलाचा डबा बदकांच्या वाट्याला जाऊ लागला. थोड्याच दिवसांत त्या कालव्यातली बदकं उडायचं सोडा, वळायलाही कंटाळू लागली. बेकरीत मामा एकच पाव घेत आणि तोही खिशात टाकत. सकाळी अंधुक उजेडात उठून ते पुलांवरून चालायला जात. आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहत आणि अंगातून जेवढं उतरलं असेल तेवढं मोजून खिशात चढवत. कापसाच्या दोन उशा उसवून कोटाला पोटाचा आकार दिला.

देह उतरू लागला तसे त्यांना एकामागून एक धक्के बसू लागले. एका सकाळी दाढी करताना आरशात त्यांना स्वतःची मान दिसली. वस्तरा हातातच राहिला. इतकी वर्षं ही होती कुठे? दुसऱ्या दिवशी गळ्याखाली दोन्ही बाजूंना कडक उंचवटे लागले. नवीनच गाठी उठल्या म्हणून ते घाबरेघुबरे डॉक्टरीणबाईंकडे धावले. बाईंनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाडं आहेत. प्रत्येकाला असतात."

पण बाकावर बसले की बोटीची शेपटी पूर्वीइतकीच खाली जाई, त्यामुळे संशय कोणाला येणार? ताईला मात्र काहीतरी खुपत होतं.

"बारक्या, तुझं तोंड असं काय दिसतंय?"

"कसं?"

"आपल्या आजोबांसारखं. शेवटी शेवटी दिसायचं तसं."

"काहीतरीच. दाढी नीट झाली नाही आज."

"आणि एवढ्या उकाड्यात कोट?"

"वारं लागतं मागे."

दाजी सुकाणूवरून मागे वळून बघत, कोटाकडे बघत, मेव्हण्याच्या गालांकडे बघत आणि पुन्हा पुढे बघू लागत. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांच्यापाशीच राही.

मामांची संध्याकाळ मात्र पूर्वीची राहिली नव्हती. पूल जवळ आला की ते डोळे मिटत, पण आता मनात हिशेब चाले: काल पायमोजे बदलले, त्यांनी फरक पडेल का? सकाळी जरा जास्तच चाललो का? आपल्यामुळे काच फुटली, ताईच्या डोक्यात पडली तर? पूल गेला की "झालं" म्हणताना त्यांच्या पाठीवरून घामाची धार उतरे. कष्टाची भाकरी म्हणजे काय ते मामांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही भाकरी सोडल्यावर.

त्या दिवशी पूल सुखरूप पार पडला. बोट घरच्या धक्क्याला लागली. मामा नेहमीसारखे दोर घेऊन पायरीवर उतरले. पायरीवर शेवाळ होतं. एक पाय पुढे गेला, दुसरा त्याच्या शोधात गेला, आणि मामा पाण्यात गेले.

पाण्याखाली गेल्यावर पहिल्यांदा मामांना आश्चर्य वाटलं ते उशिराचं. आत्तापर्यंत वर यायला हवं होतं. ते सवयीने हातपाय न हलवता वाट बघत राहिले. पाणी हिरवं होतं, मग गडद हिरवं झालं, मग काळपट. पायाला चिखल लागला. मामांच्या आयुष्यात तळ हा प्रकार पहिल्यांदाच आला होता. आणि तिथे, तळाच्या चिखलात उभं असताना, त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: खिसे!

त्यांनी बटणांना हात घातला. बटणं त्यांनी स्वतः लावली होती, तिहेरी टाक्याने. एकही सुटेना, ओढून तुटेना. दुरुस्तीची कामं आपल्याला इतकी चांगली जमतात हे त्यांना माहीत नव्हतं. छातीत ते दमलेलं हृदय दाराला धडका द्याव्यात तसं धडका देऊ लागलं. ताईच्या हाका वरून येत होत्या, पण त्या फार लांबच्या, दुसऱ्याच कोणाला मारल्यासारख्या.

वर काय झालं ते पुढे कितीतरी दिवस धक्क्यावर सांगितलं जात होतं. माणसं पुतळ्यांसारखी उभी होती. चष्मेवाल्याचा कर्णा केलेला हात तसाच तोंडापाशी होता. आणि मग दाजी ओरडले. दाजी! जे हाक मारायची तर भांडं वाजवायचे, ते दाजी "मामा!" म्हणून असे ओरडले की पलीकडच्या बेटावरच्या खिडक्या उघडल्या. बुटांसकट, किल्ल्यांसकट, खिशातल्या चष्म्यासकट त्यांनी उडी मारली. त्यांनी खालून ढकललं, चष्मेवाल्याने आकड्याच्या काठीने कॉलर पकडली, आणखी चौघांनी दोर ओढला. मामा वर आले ते मासळीच्या जाळ्यासारखे, सगळीकडून गळत.

पायरीवर आडवं केल्यावर त्यांनी पाणी ओकलं, खोकले, डोळे उघडले. लोकांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात कोटाचं अस्तर टर्रकन फाटलं आणि एक लोखंडी वजन ठण्णकन दगडावर पडलं. मागोमाग दुसरं. मग तिसरं गडगडत ताईच्या पायाशी आलं.

पुढे आलेली माणसं एक पाऊल मागे सरली.

खिशात लोखंड भरून माणूस पाण्यात कशासाठी जातो, हे कोणाला शिकवावं लागत नाही. इस्त्रीवाला गर्दीत होता, त्याने मान खाली घातली. चष्मेवाला कुजबुजला, "मी हसलो रे. मी हसलो त्यांना."

ताई गुडघ्यांवर बसली. तिने ते वजन उचललं, दोन्ही हातांत धरलं. जन्मात पहिल्यांदा ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "का रे बारक्या? आमचं काय चुकलं?"

मामांना आधी काही उमगेना. "तुमचं कुठे? शेवाळ होतं."

"खोटं बोलू नकोस. हे लोखंड? एवढा कंटाळलास, आणि मला एका शब्दानं..." आणि तिने भावाच्या खाडकन मुस्कटात मारली, आणि मारली त्याच हाताने त्याला जवळ ओढलं. ओढल्यावर ती आणखीच दचकली. कोटातला ओला कापूस तिच्या हाताखाली दबला आणि त्याच्या आत भाऊ सापडेचना. ती दाबत गेली, दाबत गेली, तेव्हा कुठे फासळ्या लागल्या. "अगं आई गं," ती किंचाळली, "हा कुठे गेला?"

सगळं जग आपल्याबद्दल काय समजतंय हे मामांना आत्ता कळलं, आणि ते ताडकन उठून बसले. "जीव द्यायला नाही गं! बोटीसाठी! बोटीसाठी घातलंय ते!"

मग तिथेच, पायरीवर पाणी गाळत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, हृदय, बदकं, काटा, उशा, सगळं. इस्त्रीवाला समोर उभा होता तरी त्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी हलका झालो असतो तर पुलाखालून बोट गेली असती का? तूच सांग. मग मला कशाला ठेवला असतास मागच्या बाकावर?"

ताई आणि दाजींनी एकमेकांकडे पाहिलं. नवराबायकोचं ते बघणं मामांना आवडलं नाही. घरात काहीतरी फुटलं की लहान मुलं असं एकमेकांकडे बघतात.

दाजी उठले. अंगातून पाणी ठिबकत बोटीत गेले, मागच्या बाकाची फळी उचलली आणि बाजूला झाले. मामांनी वाकून पाहिलं. बाकाखाली पत्र्याची टाकी होती. लांबरुंद, बोटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. वर एक तोटी, शेजारी हातपंप. टाकी काठोकाठ भरलेली.

"हे काय?"

"पाणी," दाजी म्हणाले.

"कशाला?"

"पुलाला."

मामांच्या तोंडाचा आ झाला तो झालाच. ताई घाईघाईने सांगू लागली, "अरे, तुला तो मोठा ताप आला होता बघ, महिनाभर अंथरुणात होतास, धाकटी मुलगी तेव्हा घरीच होती... तेव्हा ह्यांनी ती बसवून घेतली. पलीकडे तू पाव खायला गेलास की हे भरतात आणि तू घरी गेलास की सोडून देतात."

"मी बरा झाल्यावरसुद्धा?"

"हो."

"म्हणजे तेव्हापासून मी... माझ्या बसण्यानं..."

"थोडं फार होतच असेल रे," ताई म्हणाली. ती खोटं बोलत होती, आणि माईकवर शेकडो खोट्या राजवाड्यांच्या गोष्टी सहज सांगणाऱ्या ताईला हे एवढंसं खोटं जमलं नाही.

मामा उभे राहिले. पाण्याखाली बसला नव्हता एवढा धक्का त्यांना पाण्याबाहेर बसला होता. कानशिलं तापली. "इतकी वर्षं," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी ड्यूटी म्हणून जेवलो! पोट फुटायची वेळ आली तरी बोट आठवून घास गिळला! तो पाव मला आवडायचासुद्धा नाही!"

"आवडायचा नाही?" ताईने दचकून विचारलं.

"चौथा नाही आवडायचा!"

एवढं बोलून त्यांनी फाटका कोट खांद्यावर टाकला, वजनं तिथेच सोडली आणि ओल्या पायांनी फच्च फच्च करत पूल ओलांडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिकिटांची खिडकी उघडली नाही. दुपारी ताई आणि दाजी किराणा दुकानाच्या माडीवर गेले. मामा कोटाशिवाय खुर्चीत बसले होते. ती खुर्ची त्यांच्याभोवती पूर्वी गच्च असायची. आता दोन्ही बाजूंना हात घालता येईल एवढी जागा होती. ताई ते बघून पुन्हा रडायच्या बेतात आली.

"मी येणार नाही," मामा म्हणाले. "दया म्हणून बाकावर बसवलेला माणूस मी नाही. त्या टाकीलाच बसवा. तिला डबाही लागत नाही."

"सांगणार होते रे मी," ताई म्हणाली. "तू बरा होऊन आलास त्या दिवशीच सांगणार होते. पण तू असा बसलास मागे, आणि पूल गेल्यावर म्हणालास, 'माझ्याशिवाय कसं केलंत गं तुम्ही?' काय सांगणार होते तुला? सांग ना."

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तेही थांबलेलं होतं. आणि मग दाजी बोलले. एकदम इतकं बोलताना त्यांना ताईनेही कधी पाहिलं नव्हतं; ती वळून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मामा, त्या तापात महिनाभर टाकी होती. बोट पुलाखालून लोण्यासारखी जायची. पण तुम्ही मागे नव्हतात. पहिल्या दिवशी ही बोलली नाही, दिवसभर बोलून घसा बसला होता. मी तर बोलतच नाही. दुसऱ्या दिवशी ही मला म्हणाली, तुम्ही का बोलत नाही. तिसऱ्या दिवशी पूल यायच्या आत ही म्हणाली, मला इथेच उतरवा. मी म्हटलं, इथे पाणी आहे. ही म्हणाली, चालेल." दाजींनी घसा साफ केला. "उतरली होती. पुलाशेजारच्या पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात. दोर धरून परत ओढली. धाकटीला विचारा."

"तुम्ही हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं!" ताई ओरडली.

"महिनाभर रोज तेच," दाजी म्हणाले. "तुम्ही आलात आणि एका जाड प्रवाशाची नक्कल केलीत. ही हसली. मी टाकी भरत राहिलो. मला बोटीत तिघं लागतात. जाड-बारीक मला माहीत नाही."

आणि दिवसभराचे, कदाचित आठवडाभराचे शब्द संपल्यामुळे ते खाली जाऊन पायरीवर बसले.

मामांनी खुर्चीच्या दांड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग ताईला म्हणाले, "खरंच उतरलीस?"

"चपला वाहून गेल्या," ताई म्हणाली.

"कोणत्या? त्या निळ्या?"

"हसतोस काय मेल्या!"

मामा आले. पण एका अटीवर आले. आयतं बसणार नाही; टाकी आपण स्वतः भरणार. त्या संध्याकाळी दीपस्तंभाच्या बेटावर प्रवासी उतरले. बेकरीवालीने खिडकीतून "मामा?" अशी हाक मारली, मामांनी हात हलवून नकार दिला आणि बाह्या सरसावल्या. बाकाची फळी काढली. पंपाचा दांडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली, वर-खाली. ताई पुढे बसून दिवसभराच्या प्रवाशांच्या गमती सांगत होती, मामा धापा टाकत "हो?", "मग?" करत होते, दाजी दोर सोडत होते. मामांना काम सापडलं होतं, आणि त्यात त्यांनी कसूर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. टाकी भरली, पाणी तोटीतून वाहू लागलं, फळ्यांवर आलं, मामांच्या बुटात शिरलं. बोटीचं नाक हळूहळू आभाळाकडे बघू लागलं.

ताईची पिशवी घसरत घसरत मागे आली. तिने वळून पाहिलं, आणि मागच्या बाजूला समुद्र बोटीच्या काठाला टेकलेला पाहून तिचा प्राण कंठाशी आला.

"बारक्या! बास! बास की! बोट बुडवतोस का!"

मामा दांडा धरून थांबले. घोट्यापर्यंत पाणी, चेहरा लालबुंद, नवी मान घामाने चमकत होती.

"मला काय माहीत किती भरायचं?" ते तिच्यावरच उखडले. "इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं का?"

पुढे सुकाणूपाशी दाजी दोन्ही हातांनी काचेला धरून उभे होते आणि हसत होते. आवाज होत नव्हता, पण बोट हलत होती.